गुडघे दुखतात, मग सजदा कसा?

तरावीहच्या २० रकातींमध्ये ४० सजदे होतात. रमजानच्या महिन्यात रात्रीच्या इशाच्या नमाजनंतर ही जादा नमाज अदा केली जाते. एक रकात म्हणजे आधी उभे राहणे, मग कमरेत वाकणे म्हणजे रुकू, आणि त्यानंतर गुडघे, हात व कपाळ जमिनीला टेकवणे म्हणजे सजदा. तोही दोनदा. रकात संपली की पुन्हा उभे राहायचे. म्हणजे एका रात्रीत २० वेळा जमिनीवर जायचे आणि २० वेळा जमिनीवरून उठायचे. काही मशिदींत तरावीह ८ रकातींची असते, तिथे हा आकडा कमी होतो. दिवसभरातल्या पाच वेळच्या फर्ज नमाजांच्या १७ रकाती आणि त्यांचे ३४ सजदे यात धरलेले नाहीत. तिशीतल्या माणसाला हे गणित करावे लागत नाही. साठीत ते आपोआप होते, कारण प्रत्येक उठण्याचा हिशेब गुडघे ठेवतात.

रमजान म्हटला की सहरी, इफ्तार आणि खजूर डोळ्यांसमोर येतात. पण अनेक घरांत या महिन्याचा एक अबोल प्रश्न असतो. ११ महिने कशीबशी साथ देणारे अम्मींचे किंवा अब्बांचे गुडघे हा महिना निभावतील का? सहाव्या-सातव्या तरावीहनंतर गुडघ्याला सूज येते, जिना नकोसा होतो. मग दोनपैकी एक गोष्ट घडते. काही जण दात-ओठ खाऊन सहन करत राहतात. काही जण 'आता होत नाही' म्हणून सगळेच सोडून देतात. दोन्हींत नुकसान आहे.

तक्रार एकच, शब्द वेगळे

हे गुडघे शेवटी पोहोचतात ते रामदासपेठेत. नागपूरच्या या भागात आणि शेजारच्या धंतोलीत दवाखाने, रुग्णालये, एक्स-रे केंद्रे आणि औषधांची दुकाने यांची इतकी दाटी आहे की विदर्भाच्या गावांत 'मोठ्या डॉक्टरला दाखवायचे' याचा अर्थ बहुधा हाच परिसर असतो. भंडारा, गोंदिया, यवतमाळहून माणसे येतात, तशीच मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा आणि बालाघाटहूनही.

तिथल्या बाकावर मोमिनपुऱ्याच्या खाला, महालातल्या आजी आणि इंदोऱ्यातल्या मावशी शेजारी-शेजारी बसलेल्या दिसणे नवलाचे नाही. खालांना सजद्यातून उठवत नाही. आजींना देवापुढे मांडी घालता येत नाही. मावशींना बुद्धवंदनेत पंचांग प्रणामासाठी टेकलेला गुडघा पुन्हा उचलताना कळ येते. आणि तिघींनाही जिना उतरताना कठडा लागतो. गुडघ्याची झीज जात-धर्म पाहत नाही. वय, वजन, जुनी दुखापत आणि आयुष्यभराच्या कामाची पद्धत मात्र ती नक्की पाहते.

वैद्यकीय भाषेत या आजाराला ऑस्टिओआर्थ्रायटिस म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार २०१९ मध्ये जगात सुमारे ५२ कोटी ८० लाख लोकांना हा आजार होता. त्यात सर्वाधिक, म्हणजे साडेछत्तीस कोटींच्या आसपास, गुडघ्याचे रुग्ण होते. आग्रा, बंगळुरू, कोलकाता, डेहराडून आणि पुणे या पाच ठिकाणी झालेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय पाहणीत ४० वर्षांवरील २८.७ टक्के लोकांमध्ये गुडघ्याची झीज आढळली. स्त्रियांमध्ये प्रमाण अधिक होते. म्हणजे चाळिशीच्या पुढची चार माणसे जमली, तर त्यांत एकाचा गुडघा बहुधा या वाटेवर असतो.

'ग्रीस संपले' हे अर्धसत्य

आपल्याकडे गुडघा दुखू लागला की 'ग्रीस संपले' असे म्हणतात. खरी गोष्ट थोडी वेगळी आहे. मांडीचे हाड आणि नडगीचे हाड जिथे भेटतात, तिथे दोन्हींच्या टोकांवर कूर्चेचे गुळगुळीत आवरण असते. या कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात आणि वेदना कळवणाऱ्या नसाही नसतात. तिचे पोषण होते ते सांध्यातल्या वंगणासारख्या द्रवातून. पाऊल टेकले की कूर्चा दाबली जाते, पाऊल उचलले की ती सुटते. पाण्यात स्पंज दाबावा आणि सोडावा, तसा हा द्रव आत-बाहेर होतो. म्हणून हालचाल हे कूर्चेचे अन्न आहे. बिछान्यावर पडून राहिलेल्या गुडघ्याला ते मिळत नाही.

झीज झाली की कूर्चा पातळ आणि खडबडीत होते, हाडाच्या कडांना टोके येतात, सांध्याचे आतले अस्तर सुजते आणि कूर्चेखालच्या हाडावर ताण पडतो. कूर्चेला स्वतःला दुखत नाही. दुखते ते हाड, अस्तर, सांध्याभोवतीचे बंध आणि थकलेले स्नायू. त्यामुळेच एक्स-रेमध्ये भरपूर झीज दिसणारा माणूस आरामात फिरतो आणि थोडी झीज असलेला कण्हत असतो, असेही घडते. 'फोटो खराब आला' म्हणून घाबरून जायचे कारण नाही.

या दुखण्याची आणखी एक खूण आहे. बराच वेळ बसून उठले की पहिली काही पावले आखडलेली पडतात, मग गुडघा मोकळा होतो. रमजानमध्ये तासभर कुराणाची तिलावत करून उठताना किंवा सहरीनंतर डुलकी घेऊन जागे होताना हा अनुभव हमखास येतो. उठण्याआधी बसल्या जागी पाय आठ-दहा वेळा सरळ करून वाकवला, तर पहिले पाऊल सोपे जाते.

एका पायरीचे वजन

रोजच्या हालचालीत गुडघ्यावर किती भार येतो, हे जर्मनीतल्या बर्लिनच्या संशोधकांनी थेट मोजले. त्यांनी पाच रुग्णांच्या कृत्रिम गुडघ्यांतच मोजमापाची यंत्रणा बसवली होती. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेले त्यांचे आकडे डोळे उघडणारे आहेत. सपाट जमिनीवर चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे २.६ पट भार आला. खुर्चीतून उठताना जवळपास अडीच पट. जिना चढताना ३.२ पट आणि उतरताना तब्बल ३.५ पट.

७० किलोच्या माणसाला हे लावून पाहू. चालताना गुडघ्यावर १८० किलोंच्या आसपास भार, जिना चढताना सव्वादोनशेच्या जवळ आणि उतरताना २४० किलो. वजन ७० किलोच, मग एवढा भार कुठून येतो? वाकलेला गुडघा कोसळू नये म्हणून मांडीचे स्नायू हाडांना घट्ट ओढून धरतात. त्या ओढीचा दाब शरीराच्या वजनात मिसळतो. जिना उतरताना तर सगळे शरीर एका वाकलेल्या पायावर हळूच खाली सोडायचे असते. चढताना दम लागतो आणि उतरताना गुडघा ओरडतो, त्याचे कारण हे.

बर्लिनच्या यादीत जमिनीवर बसणे-उठणे नव्हते. आपली यादी मात्र तिथूनच सुरू होते. खुर्चीवर बसायला गुडघा साधारण ९० अंश वाकावा लागतो. सजदा, मांडी, उकिडवे बसणे, भारतीय पद्धतीचे शौचालय या सगळ्यांना त्याहून पुष्कळ जास्त वाक लागतो. पाटावर बसून पोळ्या लाटणे, उकिडवे बसून फरशी पुसणे, कामठीसारख्या गावात तासन्‌तास मांडी घालून विड्या वळणे, कळमना बाजारात बसून संत्री निवडणे, ही कामे करणाऱ्यांचे गुडघे आयुष्यभर याच वाकावर चालतात. सतत गुडघे टेकून किंवा उकिडवे बसून केलेल्या कामाचा आणि झिजेचा संबंध वैद्यकशास्त्राने मान्य केलेला आहे.

इथे एक बारकावा लक्षात घ्यायला हवा. पूर्ण वाकून बसल्यावर मांडी पोटरीवर टेकते आणि थोडे वजन तिथे वाटले जाते. खरा ताण येतो तो खाली जाताना आणि वर येताना, म्हणजे अर्धवट वाकलेल्या गुडघ्यावर सगळे शरीर तोलताना. झिजलेल्या गुडघ्याला खोल वाकही सोसत नाही, कारण तो तेवढा वाकतच नाही. पण सांधा खाली-वर करण्याची रीत बदलली, तरी निम्मी लढाई सोपी होते.

विश्रांतीचा सापळा

दुखते म्हणून माणूस हालचाल कमी करतो. हालचाल कमी झाली की मांडीचा पुढचा मोठा स्नायू रोडावतो. हाच स्नायू प्रत्येक पावलाचा धक्का झेलत असतो. तो दुबळा झाला की धक्का थेट सांध्यावर येतो आणि दुखणे वाढते. मग माणूस आणखी बसून राहतो. "अम्मी, आता तुम्ही काही करू नका, नुसत्या बसून राहा," असे मुले प्रेमाने सांगतात, तेव्हा नकळत हाच सापळा घट्ट होतो.

उलट टोकाचा धोका रमजानमध्ये असतो. ११ महिने रोजच्या नमाजेपलीकडे फारशी हालचाल न केलेला गुडघा पहिल्याच रात्री २० वेळा जमिनीवरून उठवला जातो. घरातल्या बायांचे तर दुहेरी काम असते. पहाटे सहरीसाठी उठायचे, दुपारपासून इफ्तारसाठी ओट्याशी उभे राहायचे आणि रात्री नमाज. गुडघ्याला काम नको असते असे नाही, अचानक वाढलेले काम त्याला झेपत नाही.

म्हणून जगभरच्या वैद्यकीय मार्गदर्शक सूचनांत या आजारावरचे पहिले उपचार दोनच आहेत: योग्य व्यायाम, आणि वजन जास्त असेल तर ते कमी करणे. खुर्चीवर बसून एक पाय सरळ करायचा, पाच-सहा सेकंद धरायचा आणि सावकाश खाली आणायचा. प्रत्येक पायाने दहा वेळा, दिवसातून दोनदा. एवढ्यानेही काही आठवड्यांत फरक जाणवतो. फिजिओथेरपिस्टकडून एकदा नीट शिकून घेतले, तर चांगलेच. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिनात वजन जास्त असलेल्या, गुडघेदुखीच्या १४२ रुग्णांचा अभ्यास झाला. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षानुसार एक किलो वजन उतरले की प्रत्येक पावलामागे गुडघ्यावरचा सुमारे चार किलो भार उतरतो. दिवसभरात हजारो पावले पडतात. इफ्तारच्या ताटातली भजी आणि समोसे आवरण्याला यापेक्षा मोठे कारण कोणते हवे?

खुर्ची म्हणजे हार नव्हे

तरीही अनेक बुजुर्गांना मशिदीत खुर्ची घेणे जड जाते. सगळी सफ, म्हणजे नमाजची रांग, जमिनीवर आणि आपण एकटे वर, ही लाज असते. 'आपली नमाज कमी भरेल' ही भीतीही असते. या भीतीला धर्मातच उत्तर आहे. हजरत इम्रान बिन हुसैन यांना आजारामुळे त्रास होता. त्यांनी विचारले, तेव्हा हजरत मुहम्मद पैगंबर (स.) यांनी सांगितले की उभ्याने जमले तर उभ्याने, नाही जमले तर बसून आणि तेही नाही जमले तर कुशीवर पडून नमाज अदा करावी. सहीह बुखारीत ही नोंद आहे. स्वतः पैगंबर घोड्यावरून पडून जखमी झाले, तेव्हा त्यांनीही बसून नमाज अदा केल्याची नोंद आहे. तरावीह तर फर्जही नाही, सुन्नत आहे. आजारी माणसासाठी सवलत ही धर्माने मागाहून दिलेली सूट नाही, ती मूळ नियमाचाच भाग आहे. कुणी किती उभे राहावे, सजद्याची खूण कशी करावी, हे बारकावे आपल्या इमामसाहेबांना विचारून घ्यावेत. मात्र खुर्ची पहिल्या दिवसापासून सरसकट घ्यावी असेही नाही. जेवढे उभे राहता येते तेवढे राहावे, आणि जिथे गुडघा नकार देतो तिथे खुर्ची घ्यावी. डॉक्टरांचा सल्लाही यापेक्षा वेगळा नसतो.

ज्यांना जमिनीवर जाणे अजून जमते, त्यांनी गुडघ्यांखाली जाड घडीची चादर घ्यावी. उठताना शेजारी भिंत किंवा भक्कम खुर्ची असावी. बळकट पायाचे पाऊल आधी पुढे रोवावे आणि हातांनी जोर देऊन उठावे. जिन्याचा नियम सोपा आहे: चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी, आणि एक हात कठड्यावर. काठी घ्यायची तर दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात. बहुतेक जण ती दुखऱ्या बाजूलाच धरतात आणि फायदा अर्ध्यावर येतो. खुर्ची उंच असावी. खोल सोफ्यातून उठताना गुडघ्याला जास्त कष्ट पडतात.

रोजेदारांसाठी औषधांची गोष्ट वेगळी सांगायला हवी. वेदनाशामक गोळी रिकाम्या पोटी घेऊ नये. अशा गोळ्यांनी पोटात जखम होऊ शकते, आणि शरीरात पाणी कमी असताना मूत्रपिंडावरही ताण येतो. मधुमेह, रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल, तर गोळीची वेळ आणि मात्रा डॉक्टरांनाच विचारावी. इफ्तार ते सहरीदरम्यान पाणी भरपूर प्यावे. गुडघ्यावर लावायचे वेदनाशामक मलम हा तुलनेने सुरक्षित पर्याय आहे आणि वरून लावलेल्या मलमाने रोजा मोडत नाही, असे बहुतेक उलमा सांगतात. आजार मोठा असेल, तर रोजा पुढे ढकलण्याची मुभाही आहेच. गुडघा अचानक लाल, गरम झाला, ताप आला, सांधा अडकला किंवा पायावर भारच घेता येईना, तर मात्र ईदची वाट पाहू नये.

शस्त्रक्रिया कधी?

गुडघा बदलण्याची शस्त्रक्रिया आपल्याकडे घराघरांत माहीत झाली ती तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्यामुळे. मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात ऑक्टोबर २००० मध्ये त्यांचा डावा आणि जून २००१ मध्ये उजवा गुडघा डॉ. चित्तरंजन रानावत यांनी बदलला. पुढे ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारने कृत्रिम गुडघ्यांच्या किमतींवर मर्यादा घातली. नेहमी वापरल्या जाणाऱ्या कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्याची कमाल किंमत तेव्हा जीएसटी वगळून ५४,७२० रुपये ठरली. ही किंमत फक्त सांध्याची होती, शस्त्रक्रिया आणि रुग्णालयाचा खर्च वेगळा. खासगी खर्च झेपत नसेल, तर नागपुरात मेडिकल, मेयो आणि मिहानमधले एम्स इथेही अस्थिरोग विभाग आहेत.

झोपेतही दुखणे थांबत नाही, घरातल्या घरात चालणे अवघड होते आणि व्यायाम, वजन, औषधे हे सगळे करून झालेले असते, तेव्हा शस्त्रक्रियेचा विचार रास्त ठरतो. पण नवा गुडघा बसवला की जुन्यासारखी मांडी घालता येईल, ही अपेक्षा ठेवू नये. अनेकांना त्यानंतर जमिनीवर बसण्याचे पथ्य पाळावे लागते. शस्त्रक्रियेआधी डॉक्टरांना 'मला सजदा करता येईल का?' किंवा 'मला पूजेला खाली बसता येईल का?' असे थेट विचारावे. हा प्रश्न विचारायला संकोच वाटण्याचे काही कारण नाही.

ईदआधीचे एक काम

ईदची नमाज दोनच रकातींची असते. पण त्यानंतरचा दिवस गुडघ्यांसाठी मोठा असतो. शीरखुर्म्याच्या पातेल्याजवळ उभे राहणे, पाहुण्यांसाठी उठबस आणि नातेवाइकांच्या घरांचे जिने. शहरातल्या अनेक जुन्या इमारतींना लिफ्ट नाही. पहिल्या मजल्यावर राहणाऱ्या भाच्याने खाली उतरून मामूंना ईद मुबारक म्हटले, तर त्यांचे चढणे-उतरणे वाचेल आणि मानही राहील.

घरातल्या तरुणांना ईदआधी एक काम करता येईल. बाथरूममध्ये आधाराची दांडी बसवावी. वजूसाठी उकिडवे बसावे लागू नये म्हणून उंच स्टूल ठेवावे. मशिदीच्या कमिटीला सांगून सफेच्या दोन्ही टोकांना चार-चार खुर्च्या आधीच मांडून ठेवाव्यात, म्हणजे बुजुर्गांना त्या मागाव्या लागणार नाहीत. मंदिराच्या पायऱ्यांना कठडा आणि विहारात भिंतीलगत बाक असावा, हाही त्याच कामाचा भाग. मागून मिळालेल्या खुर्चीवर बसताना माणूस संकोचतो. आधीच मांडलेल्या खुर्चीवर तो सहज बसतो, आणि पुढच्या रात्रीही येतो.